गालिचा आधी उलटा करा

गालिच्याचा भाव सांगताना दुकानदार बहुधा गाठींचा आकडा पुढे करतो. चौरस इंचात गाठी जितक्या जास्त तितका माल उंची, हे गणित इराणमधल्या कुमच्या किंवा काश्मीरच्या रेशमी गालिच्यांना बऱ्यापैकी लागू पडते. बारीक वेलबुट्टी दाट गाठींशिवाय उमटतच नाही. पण इराणच्या कश्काई भटक्यांचा लोकरी गालिचा मोजक्या गाठींतही खुलतो. तिथे लोकरीचा कस, रंग आणि ठसठशीत भौमितिक नक्षी पाहायची. किलीमला तर गाठीच नसतात, ते सपाट विणकाम. सगळ्यांना एकच गज कसा चालेल?

म्हणून मोजणीआधी गालिचा उलटा करावा. हातगाठीच्या गालिच्याची नक्षी मागेही स्पष्ट दिसते आणि त्याची झालर म्हणजे ताण्याचेच सुटे धागे असतात. मागे कापड चिकटवलेले असेल तर तो बहुधा टफ्टेड: यंत्राच्या सुईने कापडात लोकर घुसवून रबरी चिकाने धरून ठेवलेला. गालिच्यांचे गाव असलेल्या भदोहीत दोन्ही बनतात, तेव्हा नुसते गावाचे नाव पुरत नाही. पायाखाली घालायच्या वस्तूची एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने टफ्टेड जरूर घ्यावा, मात्र टफ्टेडच्याच भावात. तो चिक कालांतराने सुकून भुगा होऊ लागतो. हातगाठीचा झिजला तरी रफूगर त्यात नव्या गाठी मारू शकतो.