भीती घालणं म्हणजे आरोग्यशिक्षण नव्हे

गांजा कायदेशीर झालेल्या मुलखांत आरोग्य खात्याने लोकांशी काय बोलावं, या विषयावर एका ज्येष्ठ लेखकांचा लेख मध्यंतरी वाचला आणि तो अजून डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोलोरॅडोने आणि कॅनडाने ‘घेणारच असाल तर थोडा घ्या, घेऊन गाडी चालवू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका’ असल्या सूचना छापल्या, म्हणजे सरकारने व्यसनापुढे गुडघे टेकले. सरकारने एकच वाक्य बोलावं, ‘शिवू नका’. त्यापलीकडचा प्रत्येक शब्द म्हणजे उत्तेजन. जोडीला थायलंडची फजिती, आपल्या संस्कृतीचा गौरव, नव्या पिढीबद्दलची हळहळ, आणि जे वेगळं म्हणतात ते सगळे गांजाच्या धंद्याचे दलाल असल्याचा निर्वाळा. लेखात पुरावा म्हणावा असा एकही आकडा नाही. ठामपणा मात्र पानोपानी आहे.

गांजा कायदेशीर व्हावा की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. ज्या घरात तो आज संध्याकाळी येणार आहे, त्या घराला काय सांगायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. लेखक महाशयांनी हे दोन प्रश्न एकात कालवले आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्यांच्या लेखाचा सगळा डोलारा एका समजुतीवर उभा आहे, की माणूस घाबरला म्हणजे सुधारतो. अमेरिकेने ही समजूत पिढ्यानपिढ्या आणि पाण्यासारखा पैसा ओतून तपासून पाहिली आहे. 1936 साली ‘रीफर मॅडनेस’ नावाचा सिनेमा आला. गांजाचा झुरका मारला की तरुण पोरं खुनापर्यंत आणि वेडापर्यंत पोचतात, असं त्यात दाखवलं होतं. तीनचार दशकांनी तोच सिनेमा कॉलेजची पोरं खो-खो हसण्यासाठी लावू लागली. 1980च्या दशकात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ‘फक्त नाही म्हणा’ हा मंत्र घेऊन देशभर फिरल्या. 1983पासून लॉस एंजेलिसमध्ये पोलीस वर्गात जाऊन मुलांना अमली पदार्थांवर धडे देऊ लागले आणि तो कार्यक्रम देशभर पसरला. पुढे संशोधकांनी तो घेतलेली आणि न घेतलेली मुलं ताडून पाहिली, तेव्हा टिकाऊ फरक सापडला नाही. 1987 साली टीव्हीवर तापलेल्या तव्यात अंडं फोडून ‘हा तुमचा मेंदू’ असं सांगितलं गेलं. जाहिरात सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण लक्षात राहिली ती विनोदाचा विषय म्हणून.

मग 1998 साली किशोरवयीन मुलांसाठी मोठी सरकारी जाहिरात मोहीम सुरू झाली. 2004पर्यंत तिच्यावर जवळजवळ 1 अब्ज डॉलर मंजूर झाले. सरकारनेच नेमलेल्या अभ्यासकांनी हजारो मुलांना पुन्हा पुन्हा भेटून परिणाम मोजला. गांजा ओढणाऱ्यांचं प्रमाण मोहिमेमुळे घटल्याचं दिसलं नाहीच, उलट ज्यांनी जाहिराती जास्त पाहिल्या त्यांच्यात गांजाबद्दलचा विरोध काहीसा मवाळ झाल्याच्या खुणा सापडल्या. अभ्यासकांनी एक कारण सुचवलं ते असं, की सरकार इतकं ओरडतंय त्या अर्थी बाकीची पोरं सर्रास ओढत असणार, असा निष्कर्ष मुलांनी काढला. ‘शिवू नका’ या वाक्याची यापेक्षा मोठी, यापेक्षा महागडी परीक्षा क्वचितच झाली असेल. त्या परीक्षेत ते वाक्य नापास झालं. आमच्या लेखकांना याचा पत्ता नसेल तर त्यांनी लिहिण्याआधी वाचायला हवं होतं, आणि पत्ता असूनही त्यांनी ते दडवलं असेल तर ते अधिकच वाईट.

असं का होतं, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला सांगितलं, एक झुरका आणि आयुष्याची राखरांगोळी. त्याने आपल्या चुलतभावाला शनिवारी ओढताना पाहिलं आणि सोमवारी तोच भाऊ परीक्षेला बसून पासही झाला. त्या क्षणी सांगणारा खोटा ठरला. तो एकटा खोटा ठरला असता तर चाललं असतं, पण त्याने सांगितलेल्या खऱ्या गोष्टीही त्याच्यासोबत बुडाल्या. रोज आणि कडक माल घेणाऱ्याला भ्रम, भास, संशय यांच्या गर्तेत जाण्याचा धोका वाढतो, घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर फारच, हे खरं आहे. अमेरिकेत गांजा घेणाऱ्यांपैकी दहातल्या सुमारे तिघांना तो सुटता सुटत नाही, हेही खरं आहे. 1990च्या दशकाच्या मध्यात तिथे पकडलेल्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, 4 टक्क्यांच्या आसपास असे. वीस वर्षांत ते 12 टक्क्यांपर्यंत गेलं. हे सगळं मुलांच्या कानापर्यंत पोचायला हवं होतं. भीतीच्या व्यापाऱ्यांनी ते कान कायमचे बंद केले. माझा संताप आहे तो याबद्दल.

तंबाखूच्या पाकिटांवरची सडलेल्या तोंडाची चित्रं चालतात, मग गांजाला का नाही, असा त्यांचा सवाल आहे. तंबाखूवरचं चित्र खरं आहे म्हणून चालतं. खऱ्या भीतीशी माझं भांडण नाही.

कोलोरॅडोतलंच एक उदाहरण घ्या. दुकानं 1 जानेवारी 2014ला उघडली. त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये माणूस मावेल एवढे उंदरांचे पिंजरे रस्त्यांवर मांडले गेले, आत पाण्याच्या प्रचंड बाटल्या, आणि संदेश असा की प्रयोगशाळेतला उंदीर होऊ नका. पिंजऱ्यांची नासधूस झाली, टिंगल झाली, बोल्डरच्या शाळांनी ते घ्यायला साफ नकार दिला. आणि त्याआधी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, त्याच शहरात एक 19 वर्षांचा मुलगा मेला. परदेशातून शिकायला आलेला, शेजारच्या राज्यातल्या कॉलेजातला, मित्रांबरोबर सुटीत फिरायला आलेला. मित्राने गांजा घातलेलं बिस्किट विकत घेतलं. त्यात 65 मिलिग्रॅम टीएचसी होतं, म्हणजे सहा वेळा पुरेल इतकं. दुकानातल्या माणसाने सांगितल्याप्रमाणे मुलाने आधी एकच तुकडा खाल्ला. अर्धापाऊण तास झाला, काहीच वाटेना. मग त्याने उरलेलं बिस्किट संपवलं. अडीचएक तासांनी तो बेभान होऊन चौथ्या मजल्याच्या सज्जावरून खाली गेला.

या मुलाला ‘शिवू नका’ हे कुणीच कधी सांगितलं नसेल का? जे त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की ओढलेला गांजा मिनिटांत चढतो आणि खाल्लेला पोटातून, यकृतातून फिरून यायला दोन दोन तास घेतो. ‘काही वाटलं नाही तरी दुसरा तुकडा खाऊ नका, थांबा,’ हे वाक्य त्या बिस्किटाच्या वेष्टनावर ठळक हवं होतं. त्याच वाक्याला आमचे लेखक उत्तेजन म्हणतात! पुढच्या वर्षी कोलोरॅडोने सूर बदलला, साध्या हसतमुख भाषेत नियम सांगायला लागलं, बिस्किटाचे 10-10 मिलिग्रॅमचे भाग सहज वेगळे व्हावेत असं बंधन घातलं. याला शरणागती म्हणायचं तर त्या मुलाच्या आईवडिलांसमोर म्हणून दाखवावं.

हा आक्षेप काही नवा नाही. संततिनियमनाची साधनं आली तेव्हा महाराष्ट्रात हेच ऐकलं, की माहिती दिली तर अनाचार माजेल. एड्सच्या काळात निरोधची भित्तिपत्रकं लागली तेव्हा तेच. शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून रान उठलं तेव्हाही तेच. प्रत्येक वेळी गप्प बसण्याचा सल्ला देणारे घरी सुखरूप होते आणि किंमत मोजली ती दुसऱ्याच्या पोरींनी आणि पोरांनी. आणि नुसत्या मनाईने काय साधतं? गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 साली बंदी आली. बंदीमुळे पुडी मिळायची थांबली का, हे कुठल्याही नाक्यावर उभं राहून बघावं.

बाकीचे मुद्दे लवकर आटोपतो. थायलंडने 2022च्या जूनमध्ये गांजा मोकळा केला आणि 2025मध्ये तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. तिथे दुकानं आधी आली आणि नियम मागून, म्हणून तो दाखला माझ्या बाजूचा आहे. संस्कृतीचं म्हणाल तर इंग्रज सरकारने 1893-94 साली नेमलेल्या आयोगाने हजारांवर साक्षी घेऊन भांग, गांजा, चरस या देशात किती खोल रुजले आहेत ते नोंदवून ठेवलंय, आणि भारताच्या 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही नुसत्या पानाला गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलंय.

दलालीच्या आरोपाला मात्र उत्तर देतो. 2022 साली अमेरिकेत रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणारे 1.77 कोटी होते आणि तितक्याच नेमाने दारू पिणारे 1.47 कोटी. धंद्याचं पोट भरतं ते या रोजच्या गिऱ्हाइकावर. तो ‘शिवू नका’ ऐकतच नाही, त्यामुळे त्या वाक्याने धंद्याचा एक पैसाही बुडत नाही. धंद्याला झोंबतो तो कॅनडाचा नियम: खाण्याच्या एका पाकिटात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको, वेष्टन साधं, त्यावर पिवळ्या चौकटीत इशारा. कोलोरॅडोत पाकिटाला 100 मिलिग्रॅम चालतं. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी असा खाऊ खाल्ल्याचे विषबाधा केंद्रांकडे आलेले फोन 2017 साली 207 होते, 2021 साली 3,054. गांजा कुलुपात ठेवण्याची सूचना आणि मात्रेची मर्यादा यांची गरज यानंतरही पटवून द्यावी लागते, याचं दुःख वाटतं.

मग बोलावं काय? आरोग्य खात्याने कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करू नये, तो मतदारांचा आणि आमदारांचा प्रश्न आहे. ज्याने कधी घेतला नाही त्याला ‘पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, थांब’ म्हणावं. अधूनमधून घेणाऱ्याला मात्रा आणि गाडीची किल्ली याबद्दल, रोज घेणाऱ्याला सोडवणुकीच्या दवाखान्याबद्दल, गरोदर बाईला पूर्ण बंद करण्याबद्दल सांगावं. ज्याची खात्री आहे तेच आणि तेवढंच.

आणि दरवर्षी पुण्या-नाशिकहून टोरंटोला, डेन्व्हरला निघणाऱ्या आपल्या मुलांना आणखी एक गोष्ट मराठीत सांगायला हवी, ती आज कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे. व्हिसावर असलेल्याने सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे गांजा घेतल्याची नुसती कबुली दिली तरी देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कॅनडात रीतसर विकत घेतलेली पुडीसुद्धा सीमेपलीकडे नेणं, तिकडून इकडे आणणं, दोन्ही गुन्हा आहे. परदेशी शिक्षणाचे मेळावे भरवणाऱ्यांनी हे चार ओळींत छापून प्रत्येकाच्या हाती द्यावं.