तीन दशांश सेकंदांचं पाप

धावण्याशी माझा संबंध आठ-सतराच्या लोकलपुरता. उडीशी तर तेवढाही नाही. माळ्यावरचा डबा काढायचा झाला तरी मी स्टूल घेतो. अशा माणसाच्या हातात कुणी स्टॉपवॉच देऊ नये. पण दिलं, आणि मी घोटाळा केला. अफरातफरीची एकूण रक्कम, तीन दशांश सेकंद.

त्याचं असं झालं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. भरतीत शंभर मीटर धावावं लागतं आणि तिथे मार्क सेकंदाच्या तुकड्यांवर मिळतात. एका पहाटे ती म्हणाली, "काका, माझं टायमिंग घ्याल का?" मी मोबाईल सरसावून शेवटच्या रेषेवर ऐटीत उभा राहिलो. पलीकडून तिच्या धाकट्या भावाने शिट्टी फुंकली. शिट्टी कानावर पडताच मी बटण दाबलं. चौदा पॉइंट नऊ! आम्ही तिघांनी टपरीवर चहा घेतला. पैसे मी दिले, यावरून माझा आनंद ओळखावा.

महिन्याने तिच्या प्रशिक्षण वर्गातल्या सरांनी टायमिंग घेतलं. पंधरा पॉइंट दोन. "महिन्यात मंदावलीस! उद्यापासून मैदानाला दहा चकरा जादा." आठ दिवसांत पोरीच्या नडग्या ठणकायला लागल्या. जिन्यात भेटली तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "काका, मी फॉर्म नाही भरत. मला नाही जमायचं."

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला शाळेतलं विज्ञान आठवलं. (योग्य वेळी न आठवणं हाच माझ्या विज्ञानाचा गुण!) आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवरची शिट्टी माझ्या कानाशी यायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागले. ती पळत सुटली होती आणि मी शिट्टीची वाट बघत उभा! म्हणूनच शर्यतीत वेळ लावणाऱ्याने पिस्तुलाचा आवाज ऐकायचा नसतो, धूर बघायचा असतो. सरांनी खाली येणारा हात बघून घड्याळ सुरू केलं होतं. पोरगी मंदावली नव्हती. मी तिला उगीच वेगवान केली होती.

तुम्ही म्हणाल, तीन दशांशाचं काय एवढं? आपल्याकडे मुहूर्ताचं लग्नसुद्धा तासभर सरकतं! पण १९८४ साली लॉस एंजेलिसला चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकलं. माझ्या घोटाळ्यात तशी तीस दुःखं आरामात मावतात.

माझा गुन्हा मला कबूल आहे. पण त्या दहा चकरा मला कबूल नाहीत. आपल्याकडे खेळातल्या प्रत्येक रोगावर एकच काढा असतो, चकरा! उशीर झाला, चकरा. हसलास, चकरा. वेग कमी पडला, तरी चकराच. अहो, दमलेला माणूस वेगाने पळतच नाही. तो हळू पळण्याचा सराव करतो, आणि त्यात दिवसेंदिवस तरबेज होतो. वेग हवा तर तीस-चाळीस मीटर जीव खाऊन पळावं, मग दोन-तीन मिनिटं स्वस्थ उभं राहावं, पुन्हा पळावं. असं पाच-सहा वेळा, की घरी. जोडीला आपल्या तालमीतल्या बैठका, हळूहळू वजन वाढवत, आणि थोड्याच, पण पूर्ण ताकदीच्या उड्या. भरतीत मुलींना आठशे मीटरही असतं, त्याला दमसास हवाच. पण तो वेगळ्या दिवशी कमवावा. मधल्या विश्रांतीला कामचुकारपणा म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. लांबूनच.

आणि मोजायचं तर धड मोजा. डडली सार्जंट या अमेरिकन व्यायामतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक बिनखर्चाची युक्ती आहे. बोटांना खडू लावायचा, भिंतीशी उभं राहून हात ताणून खूण करायची, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर ही तुमची उडी. मी करून पाहिली, तेवीस सेंटिमीटर! तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पहिल्या खुणेला खांदा पाडला होतात. नीट ताणा." नीट ताणल्यावर अठरा भरली. माणसाची बरीचशी प्रगती अशीच असते. सुरुवातीची खूण खाली केली की झालं.

आता दर पंधरा दिवसांनी तीच भिंत, तीच वेळ, तीच पद्धत आणि तीनांतली सर्वांत चांगली उडी. तुलना तिची तिच्याशीच. दोन महिन्यांत खूण तीन बोटं वर गेली. शंभर मीटरला मी हात बघूनच घड्याळ लावतो. परवा पंधरा पॉइंट शून्य आलं. माझ्या त्या चौदा पॉइंट नऊपेक्षा एक दशांश जास्त. पण हे खरे. तिने फॉर्म भरला.

सोसायटीचे सेक्रेटरी मात्र भिंत रंगवायची म्हणताहेत. तेवढा तुकडा सोडा, असा अर्ज मी दिला आहे. तिच्या खुणा राहोत. माझी अठराची पुसली तरी चालेल.