थरथरत्या फळीने चालणं सुटू नये

कंपनाचं मशीन आणि प्रोटीनचा डबा एकत्र विकताना ‘आता चालायची गरज नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा संताप होतो.

मशीन खोटं नाही. फळी सेकंदाला साधारण २० ते ४० वेळा हलते, स्नायू ताणले जातात आणि आपसूक आकसतात. गुडघे किंचित वाकवून, दांडा धरून त्यावर अर्ध्या उठाबशा काढल्या तर अशक्त पायांना व्यायाम घडतो. माझ्याकडे येणारे एक आजोबा मात्र ताठ उभे राहायचे. हादरे थेट डोक्यापर्यंत. पेसमेकर, ताजं फ्रॅक्चर, पायात रक्ताची गुठळी किंवा गरोदरपण असेल तर फळीवर चढूच नये.

आता डबा. हे आजोबा दोन्ही वेळा भाकरी-भाजीवर भागवतात. उतारवयात किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला किमान ६० ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६. घट्ट वरण, उसळ, दही, अंडी आधी ताटात वाढा. तरीही कमी पडलं तर पावडर जरूर घ्या. फक्त मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना रोज संध्याकाळी चालायला घेऊन जा.