झाडाचे वय मोजले, प्रकृती कोण तपासणार?

पावसाळा जवळ आला की महापालिकांच्या उद्यान विभागात अर्जांची गर्दी वाढते. सोसायटीच्या आवारातले गुलमोहराचे झाड कलले आहे, बंगल्यालगतच्या नारळाची भीती वाटते, पिंपळाच्या मुळांनी कुंपणाची भिंत फोडली आहे, अशी कारणे त्यात असतात. जागा खासगी असली तरी महाराष्ट्राच्या शहरी भागात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन कायद्याने हे बंधन घातले आहे. झाड जाळणे किंवा त्याला इजा पोहोचवणे हेही या कायद्यानुसार ‘तोडणे’च ठरते. परवानगी मिळत नाही म्हणून खोडाची साल गोलाकार सोलून ठेवण्याचे प्रकार घडतात. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. ही वाट बंद झाली की मुळे उपाशी राहतात आणि झाड हळूहळू वाळते. बाहेरून ते नैसर्गिक मरण वाटले तरी कायद्याच्या नजरेत तो गुन्हाच आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने हा कायदा अधिक कडक झाला. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. जेवढ्या वर्षांचे झाड तोडले, तेवढी नवी झाडे लावून ती सात वर्षे जगवण्याची जबाबदारी आली. बेकायदा तोडीसाठी प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. चाळीस वर्षांच्या वृक्षाची सावली एका रोपाने भरून निघत नाही, ही जाणीव या बदलामागे आहे. उन्हाळ्यात डांबर आणि काँक्रीट तापते तेव्हा विस्तीर्ण पर्णसंभार सावली देतो, पानांतून पाण्याची वाफ सोडून हवा थंड करतो आणि धूळही अडवतो. वृद्ध, लहान मुले आणि उन्हात राबणाऱ्यांसाठी हा थेट आरोग्याचा प्रश्न आहे.

वय मोजणेही वाटते तेवढे सोपे नाही. सागासारख्या काही झाडांत वार्षिक वलये स्पष्ट दिसतात, पण उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांत ती नीट उमटत नाहीत. शिवाय ती पाहण्यासाठी उभे झाड कापता येत नाही. त्यामुळे खोडाच्या घेरावरून अंदाज बांधला जातो. पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतो, चिंच सावकाश वाढते. सारख्याच घेराची ही दोन झाडे एका वयाची असतीलच असे नाही.

तरीही वयाचा निदान अंदाज बांधला जातो. प्रकृतीचे काय, हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि त्यात तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्याची परवानगी रहिवाशांनी आधी मागितली होती. पाहणीत मात्र ते सुस्थितीत असल्याचे ठरले होते.

नारळाच्या बाबतीत नुसती नजर किती अपुरी पडते, हे त्याच्या रचनेवरून कळते. आंबा किंवा वडाचे खोड दरवर्षी जाड होत जाते आणि जखमेवर नवी साल चढू शकते. नारळाच्या खोडात अशी वाढ होत नाही, म्हणून त्याची जखम कायमची राहते. लाल सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, तेव्हा वरच्या झावळ्या बराच काळ हिरव्या दिसू शकतात. खोडावरची छिद्रे, त्यातून गळणारा तपकिरी चिकट द्रव आणि बाहेर आलेला तंतूंचा भुसा या खुणा जवळ जाऊनच शोधाव्या लागतात.

उलट चूकही तितकीच सहज होते. खोड पोकळ दिसले की झाड धोकादायक, असा समज आहे. मोठ्या वृक्षाचा मधला गाभा मृत लाकडाचा असतो आणि जिवंत भाग बाहेरच्या थरात असतो. नळी पोकळ असूनही भार पेलते, तसेच पोकळ खोडही उभे राहू शकते. निरोगी लाकडाची भिंत त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची उरली आहे का, असा ढोबळ निकष तज्ज्ञ लावतात. सोबत झाडाचा कल, बुंध्यावरची बुरशीची छत्रे आणि मुळांजवळ उचललेली किंवा भेगाळलेली माती पाहतात. शंका असल्यास खोडाभोवती संवेदक लावून हलके ठोके देता येतात. कुजलेल्या भागातून ध्वनी सावकाश जातो आणि त्यावरून आतले चित्र तयार होते. बारीक सुईसारख्या गिरमिटाने लाकडाचा विरोध मोजणारे यंत्रही असते.

अनेक झाडे माणसांनीच धोकादायक केलेली असतात. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात पसरतात आणि त्यांना हवा लागते. आवारात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, केबलसाठी एका बाजूची मुळे तोडली, खिडकीसमोरच्याच फांद्या छाटल्या, तर झाडाचा तोल आणि आधार दोन्ही जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. हे पथ्य प्रत्येक सोसायटीला पाळता येईल.

परवानगीच्या अर्जाला ‘तोडा’ किंवा ‘तोडू नका’ एवढीच दोन उत्तरे नसतात. तोल साधणारी छाटणी, बुंधा मोकळा करणे, जड फांदीला आधार देणे, हे मधले उपाय आहेत. छाटणीलाही परवानगी लागते, म्हणून पहिल्या सरींची वाट न पाहता अर्ज हिवाळ्यातच करावा. खुणांची छायाचित्रे जोडावीत आणि पाहणीचा निष्कर्ष लेखी मागावा.

प्राधिकरणांनीही मोठ्या किंवा वादग्रस्त झाडासाठी प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाची तपासणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल अर्जदारासह हरकत घेणाऱ्यालाही द्यावा. झाड पडले आणि जीव गेला, तर ते ‘सुस्थितीत’ का ठरले होते, याचे उत्तर त्या अहवालात शोधता येईल. निरोगी झाड ‘धोकादायक’ ठरवून तोडले गेले, तरी जाब तिथेच विचारता येईल. आज या दोन्ही वेळी हाती उरतो तो पाहणी करणाऱ्याच्या नजरेचा अंदाज.