एका वेळी एकच गड

सदाशिव पेठेतील एक निवृत्त शिक्षक परवा झोपेची गोळी मागण्यास आले. वय ७४. रक्तदाब आणि साखर दोन्ही आटोक्यात. मग जागरण कशाचे? ‘गोष्टींचे!’ ते म्हणाले.

दर रविवारी ते नातवंडांबरोबर एक खेळ खेळतात. आजोबा प्रसंग सांगतात, प्रत्येक मूल एकेक पात्र होते आणि बेत साधला की फसला, हे फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची ही घरगुती आवृत्ती; आजोबांनी तीत मावळे आणले. सिंहगड, पुरंदर, अजिंक्य राहिलेला जंजिरा... मोहिमा सात, वेळ आठवड्याला दीड तास. ‘डॉक्टर, एवढे सगळे कधी व्हायचे?’ या प्रश्नात खेळापेक्षा वयाची चिंता अधिक होती.

उतारवयात झोपेच्या गोळीने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. म्हणून मी गोळीऐवजी वही सुचवली. मनात घोळणारे बेत निजण्यापूर्वी कागदावर उतरवले की डोके हलके होते. खेळायला मात्र एकच मोहीम घ्यावी, तीही तीन-चार रविवारांत संपणारी. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. जेवणाची आणि औषधाची वेळ चुकवू नये. एवढे करूनही काही आठवडे झोप येत नसेल, तर पुन्हा तपासणी हवी.

घरच्यांना विनंती : ‘या वयात कसला खेळ?’ असे म्हणू नका. तो दीड तास जपा. उरलेल्या मोहिमा वहीत राहोत. पुढे त्या नातवंडे खेळतील.