सहलीतील दुचाकी : शरीराला विचारून निवडा

पावसाळा सरून हवेत गारवा आला की दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, कुलदैवताच्या दर्शनाला गोव्याला निघालो आहोत. तिथे तीन दिवस दुचाकी भाड्याने घेतली तर चालेल ना?" विचारणारे गृहस्थ साठी ओलांडलेले असतात, शेजारी पत्नी असते आणि मागे उभा असलेला मुलगा नजरेनेच ‘नाही म्हणा’ असे खुणावत असतो.

प्रश्न गैर नाही. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, बांदोड्याची नागेशी ही सारी देवस्थाने एकट्या फोंडा तालुक्यात, एकमेकांपासून थोड्याथोड्या अंतरावर आहेत. प्रत्येक ठिकाणी बसची वाट पाहणे जिवावर येते आणि दिवसभराची टॅक्सी खिशाला जड जाते. शिवाय ज्याने आयुष्यभर गाडी चालवली, त्याला आपल्या मर्जीने निघावे आणि वाटेल तिथे थांबावे, ही इच्छा होणारच. केवळ वयाकडे बोट दाखवून ती मोडून काढणे मला योग्य वाटत नाही. वय हे उत्तर नव्हे. उत्तर शरीराकडे असते. म्हणून माझे सांगणे एवढेच, की चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीतल्या शरीरासाठी नव्हे, तर आज बरोबर असलेल्या शरीरासाठी गाडी निवडा. आणि शरीरे दोन असतील, तर त्यांतील अधिक नाजूक शरीरासाठी निवडा.

वजन आणि उंची

भाड्याच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या रांगेत नजर आधी बुलेटवर जाते. हौस समजण्यासारखी आहे. पण आकडेही पाहावेत. आजची ३५० सीसीची बुलेट किंवा क्लासिक सुमारे १९५ किलोंची असून तिच्या आसनाची उंची ८०५ मिलिमीटर आहे. स्प्लेंडरसारखी साधी मोटरसायकल ११० किलोंच्या आसपास भरते. अ‍ॅक्टिव्हासारखी बिनगिअरची स्कूटरही साधारण तेवढ्याच वजनाची, पण तिचे आसन ७६५ मिलिमीटरवर असते आणि पाय पलीकडे टाकावा लागत नाही.

धावत्या गाडीचे वजन जाणवत नाही. ते जाणवते थांबताना. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकजण वेगात नव्हे, तर जवळजवळ उभ्या गाडीवरून पडलेले असतात. उतारावर गाडी वळवताना, खडीवर पाय टेकताना किंवा देवळाबाहेर गाडी लावताना ती कलते. माणूस जुन्या सवयीने तिला सावरू पाहतो, पण गुडघा आणि खांदा साथ देत नाहीत. म्हणून पहिली कसोटी अशी : आसनावर बसल्यावर दोन्ही पायांचे तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. नुसत्या चवड्यांवर तोल राहत असेल तर ती गाडी आपली नाही. दुसरी कसोटी : इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे ढकलून पाहावी. धाप लागली किंवा कमरेत कळ आली, तर आणखी हलकी गाडी मागावी. मधल्या स्टँडवर गाडी चढवण्याचा अट्टाहास नको. सपाट जागी बाजूचा स्टँड पुरेसा असतो.

गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर आपल्या शस्त्रचिकित्सकाला विचारल्याशिवाय कोणतीही दुचाकी घेऊ नये.

हातापायांची जुनी सवय

या मुद्द्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आपल्या पिढीतील अनेकांचे हात चेतकवर घडले. तिच्यात डाव्या मुठीशी क्लच आणि गिअर होते, तर मागचा ब्रेक उजव्या पायाशी. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरला क्लच नाही. डाव्या मुठीशी मागचा ब्रेक आहे. अचानक कुत्रे आडवे आले की मेंदू विचार करत बसत नाही, सवय काम करते. डावा हात क्लच समजून लिव्हर करकचून आवळतो, उजवा पाय नसलेला ब्रेक शोधतो आणि मागचे चाक घसरते.

जुन्या बुलेटवाल्यांची गोष्ट याहून निराळी. त्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता. आजच्या बुलेटमध्ये हे नेमके उलट आहे. "मी तर बुलेटच चालवली आहे" हा आत्मविश्वास म्हणूनच फसवा ठरू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. सहलीच्या दोन आठवडे आधी, ज्या प्रकारची गाडी घेणार त्याच प्रकारची गाडी गावातल्या मोकळ्या रस्त्यावर रोज वीस मिनिटे चालवावी. मुलासुनेने ‘नको’ म्हणण्याऐवजी या वेळी सोबत जावे. वळताना मान फिरते का, ब्रेक दाबताना बोटांच्या सांध्यांत ताकद आहे का, आठ आकडा काढताना तोल जातो का, हे त्यांना पाहता येईल आणि आपल्यालाही कळेल. तेथे जमले नाही, तर अनोळखी रस्त्यावर जमणार नाही, हे दोघांनाही वाद न घालता पटते.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचा विचार

गाडी निवडताना मागच्या आसनाकडे कुणी पाहत नाही. वास्तविक ते आसन बहुधा मागच्या चाकाच्या डोक्यावर असते, त्यामुळे गतिरोधकाचा दणका तेथे अधिक बसतो. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो आणि तो सावरून बसतो; मागे बसणारीला दणका बेसावधपणे मिळतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीच्या मणक्याला अशा एका दणक्यानेही चीर जाऊ शकते. म्हणून मागचे आसन रुंद व सपाट, धरायला भक्कम कडी आणि दोन्ही बाजूंना पाय टेकवण्याची सोय असलेली गाडीच घ्यावी. एका बाजूला पाय सोडून बसल्यास तोल एकीकडे जातो आणि पदर चाकात जाण्याचे भय असते. प्रवासापुरता सलवार-कुडता घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणे हितावह. हाडांची घनता कमी असल्याचे निदान झालेले असेल किंवा पूर्वी मणका दबला असेल, तर मात्र दुचाकीचा हट्ट सोडावा.

दिवाडी बेटावर फेरीबोटीने जाणार असाल, तर धक्क्याचा उतार ओला आणि निसरडा असतो. मागच्या व्यक्तीने तेथे उतरून पायी चढावे.

औषधे आणि गाडी

कफ-सर्दीच्या अनेक गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या दुसऱ्या दिवशीही गुंगी ठेवतात. त्या घेतल्या असतील तर गाडी नको. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे बसलेले उठताना अंधारी येते. गाडीवरून उतरल्यावर क्षणभर तिचा आधार घेऊन उभे राहावे, मग चालावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे; ७० च्या खाली गेली असेल तर साखर घ्यावी आणि ती पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबावे. दर्शनाआधी उपाशी राहण्याचा नेम असेल, तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवावी.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तशी चिठ्ठी खिशात ठेवावी. डोक्याला मार लागला आणि बाहेर जखम दिसत नसली, तरी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. ‘काही झाले नाही’ म्हणत खोलीवर परतू नये. आतला रक्तस्राव काही तासांनीही दिसू शकतो.

मोतीबिंदू असलेल्यांना समोरून येणाऱ्या दिव्यांची झळाळी सहन होत नाही. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी परतावे. दर पाऊण तासाला थांबून पाणी प्यावे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळणे ही आपल्याकडची वाईट सवय आहे. तिने चक्कर येते.

दुकानात पैसे देण्यापूर्वी

भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी असून तीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याच्या वेळी अडचण येते. आपल्या अनुज्ञप्तीची मुदत घरीच पाहून घ्यावी. पंचावन्न वर्षांनंतर तिचे नूतनीकरण पाच वर्षांपुरतेच होते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही. तिच्यावर केवळ बिनगिअरच्या गाडीची नोंद असेल, तर मोटरसायकल चालवता येत नाही.

टायरच्या खाचा, दोन्ही ब्रेक, दिवे, भोंगा आणि दोन्ही आरसे पाहावेत. मग दुकानदाराला सांगून जवळच एक फेरी मारावी, आणि ती दोघांनी मिळून मारावी. हेल्मेट दोघांनाही कायद्याने आवश्यक आहे. दुकानातले सैल हेल्मेट डोके वाचवत नाही, म्हणून आयएसआय चिन्ह असलेली आपली हेल्मेटे घरून न्यावीत. चष्मा असणाऱ्यांना पुढून वर उचलता येणारे हेल्मेट सोयीचे पडते.

फेरीनंतर मन साशंक झाले, तर गाडी तेथेच परत करावी. त्यात कमीपणा नाही. लांबच्या देवस्थानांसाठी एक दिवस टॅक्सी आणि मुक्कामाच्या आसपास स्कूटर, अशी वाटणीही चांगली असते. एकटे असाल आणि हाडे बळकट असतील, तर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचे गोव्याचे ‘पायलट’ आहेतच. रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्यांना ठाऊक असतो आणि मागे बसून माडांकडे निवांत पाहता येते.

सहलीला निघण्यापूर्वी गोळ्यांची यादी आणि अनुज्ञप्ती घेऊन आपल्या डॉक्टरांकडे एकदा जरूर जाऊन या. दहा मिनिटांच्या त्या बोलण्यातून कदाचित नकार मिळेल. पण बहुधा मिळेल ती आपल्या बेताची गाडी.