जग पाहिलं की बस पाहिली?

मंडळी, सात महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन मी एकटाच जगभर हिंडून आलो. परतल्यावर कोजागिरीला भेटलेल्यांचा पहिला प्रश्न होता, "जेवणाचे हाल झाले असतील ना रे?" दुसरा, "बायकोने सोडलं कसं?" समरकंद कसं आहे, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून जरा चिडूनच लिहितो आहे.

आपल्याला जग पाहायचं नसतं, जगासमोर उभं राहून फोटो काढायचा असतो. अकरा दिवसांत सात देश, बसमध्ये अंताक्षरी, सोबत आपला महाराज आणि रात्री गरम वरणभात! पेरूमध्ये कुस्कोच्या चौकात अशीच एक बस भेटली. इंकांच्या राजधानीत मंडळी चाळीस मिनिटं उतरली आणि लगेच डब्यातली साबुदाण्याची खिचडी खायला परत बसमध्ये. चतुर्थी होती म्हणे. एका काकूंनी मायेने मलाही वाडगाभर दिली आणि बजावलं, "इथलं काही खाऊ नकोस हो!"

आता गंमत पाहा. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, मिरची तिथलीच. बटाटा तर थेट अँडीज पर्वतातला; त्याच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९७१ पासून लिमामध्ये आहे. रताळं आणि राजगिराही अमेरिका खंडातलेच. जिरं आणि तूप सोडलं तर काकूंचा सगळा उपास 'इथला'च होता! चौकापासून चालत थोड्याच अंतरावर सान पेद्रोचा बाजार. तिथे जांभळे, पिवळे, काळपट बटाटे ढिगाने मांडलेले असतात. विकणाऱ्या बाईने तीन प्रकार उकडून माझ्या हातावर ठेवले. बस त्या बाजाराकडे वळलीच नाही.

समरकंदच्या सियाब बाजारातही तेच. तिथे तराजूला 'तरोझी' म्हणतात आणि मेव्याला मेवाच. फारसीने दोघांनाही दिलेले हे शब्द ऐकायला बाजारात एकटं रेंगाळावं लागतं. शिट्टी वाजवणारा टूर मॅनेजर बरोबर असला की संपलं.

ज्येष्ठांना पथ्यं असतात, गुडघे दुखतात, त्यांनी खुशाल बसने जावं. माझं भांडण माझ्या वयाच्या धडधाकट लोकांशी आहे. क्लायंटच्या गावी सहा-सहा महिने एकटे राहणारे, डब्यातले राजमे खाऊन दिवस काढणारे हे वीर सुट्टी आली की एकदम असहाय कसे होतात?

"आपल्याकडे तशी पद्धत नाही" हे उत्तर तर देऊच नका. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत चालत झाशीपर्यंत गेले आणि 'माझा प्रवास' लिहून गेले. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला आल्या. पंडिता रमाबाई तीन वर्षांनी आल्या आणि इथला समाज, इथल्या स्त्रियांची स्थिती बारकाईने पाहून १८८९ मध्ये त्यावर मराठीत पुस्तक काढलं. यांच्यापैकी कोणाबरोबर महाराज होता?

मंडळाची पुढची सहल जपानला जाणार असं ऐकतो. ठिकाणं अजून ठरायची आहेत. महाराजांचं तिकीट मात्र काढून झालं आहे.